विश्लेषण : ‘उन्हाळी’ पुन्हा पुन्हा का लागते? मूत्रमार्गाचा संसर्ग रोखण्यात मेडिकलमधला फार्मासिस्ट काय करू शकतो?

लघवी करताना जळजळ, सारखी लागल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे. मुरबाड-शहापूरच्या गावपाड्यांवर बायका याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. आधी धने-जिऱ्याचे पाणी, मग सब्जा, आणि तरीही नाही थांबले तर बाजारात गेल्यावर मेडिकलमधून दोन गोळ्या. दोन दिवसांत बरे वाटते. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा त्याच गोळ्या. मग एक दिवस असा येतो, की त्या गोळ्यांनी काहीच होत नाही. हे चक्र कुठे तोडता येते, त्यात औषध दुकानातील फार्मासिस्टची भूमिका काय आणि त्याची मर्यादा कुठे संपते, याविषयी...

‘उन्हाळी’ म्हणजे नेमके काय?

उष्णता वाढल्यामुळे लघवीला जळजळ होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण चुकीचा नाही. उन्हात काम करताना पाणी कमी प्यायले की लघवी घट्ट, गडद होते आणि थोडी जळजळ होऊ शकते. अशी जळजळ भरपूर पाणी प्यायल्यावर काही तासांत थांबते. ती थांबत नसेल, लघवी थेंब थेंब होत असेल, तिला वास येत असेल किंवा ती गढूळ दिसत असेल, तर बहुतेक वेळा कारण उष्णता नसून जंतू असतात. वैद्यकीय भाषेत त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणतात.

या संसर्गाला सर्वाधिक कारणीभूत ठरणारा जिवाणू म्हणजे ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. मात्र गुदद्वाराजवळून मूत्रमार्गात शिरला की तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि वाढू लागतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषांची साधारण २० सेंटिमीटर. त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचणे स्त्रियांमध्ये फार सोपे असते. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजेच यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

‘वारंवार’ कधी म्हणायचे?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. ही मोजणी महत्त्वाची आहे, कारण एकदा झालेल्या संसर्गावर उपचार करणे आणि पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

त्यातही दोन प्रकार आहेत. गोळ्या संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच त्रास परतला, तर आधीचा जंतू मेलाच नव्हता, अशी शंका घ्यावी लागते. औषध लागू पडले नसेल, किंवा मुतखड्यासारख्या जागी जंतू दडून बसले असतील. बऱ्याच दिवसांनी त्रास झाला, तर तो बहुधा नवा संसर्ग असतो. पहिल्या प्रकारात आत कुठे अडथळा आहे का, हे शोधावे लागते. दुसऱ्यात जंतू पुन्हा पुन्हा का शिरतात, ते पाहावे लागते.

कारणे वयानुसारही बदलतात. तरुण विवाहित स्त्रियांमध्ये शरीरसंबंधांनंतर संसर्ग होण्याचे प्रमाण जास्त असते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, योनिमार्गातील उपयुक्त जिवाणू घटतात आणि त्यांची जागा ई. कोलाय घेतो. मधुमेह, मुतखडा, अंग बाहेर येणे, बद्धकोष्ठता आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. पुरुषांमध्ये वाढत्या वयात प्रोस्टेट ग्रंथी वाढली की लघवी तुंबते आणि संसर्ग होतो.

धसईसारख्या ठिकाणी हा प्रश्न वेगळा का?

मुरबाड तालुक्यातील धसई हे आसपासच्या गावांचे आणि पाड्यांचे बाजाराचे गाव. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये ‘राज्यातील पहिले कॅशलेस गाव’ म्हणून ते देशभर गाजले होते. बँक ऑफ बडोदाच्या मदतीने तिथल्या दुकानांत स्वाइप यंत्रे बसली. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढे मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि आणखी पुढे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. शेजारच्या शहापूर तालुक्यात उपजिल्हा रुग्णालय आहे.

कागदावर ही साखळी ठीक दिसते. पण पाड्यावरून निघालेल्या बाईसाठी आरोग्य केंद्रात जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणे. शिवाय ओपीडीची ठरावीक वेळ आणि इतर लोकांसमोर ‘तिथली’ तक्रार सांगण्याचा संकोच. मेडिकल मात्र बाजाराच्या वाटेवर असते, संध्याकाळीही उघडे असते आणि तिथे केसपेपर लागत नाही. म्हणून पहिली भेट तिथेच होते. आजार परतला तर दुसरी आणि तिसरी भेटही तिथेच होते.

दुसरे कारण पाण्याचे. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरीही शहापूर आणि मुरबाडमधील कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जिथे हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तिथे घरातली बाई सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पाणी पिते. भाताच्या लावणीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बायकांचे आणखी वेगळे. आडोसा नसल्याने त्या दिवसभर लघवी रोखून धरतात आणि लागूच नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मूत्राशयात लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. वर्षातून तीन वेळा ‘उन्हाळी’ लागते त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

दोन गोळ्यांनी काय बिघडते?

स्ट्रिपमधून कापून दिलेल्या दोन-चार गोळ्या हा कोर्स नसतो. त्याने जंतूंची संख्या घटते, जळजळ कमी होते आणि रुग्णाला वाटते की आजार गेला. पण तग धरून राहिलेले जंतू नंतर वाढतात. पुढच्या वेळी तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. आतड्यातल्या इतर जंतूंवरही त्या गोळीचा परिणाम होतो आणि पुढचा संसर्ग तिथूनच येतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजेच आयसीएमआर, २०१३ पासून देशातील मोठ्या रुग्णालयांमधील जंतूंच्या प्रतिकारशक्तीची नोंद ठेवते. या अहवालांतून सातत्याने एकच चित्र दिसते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा वर्ग आणि सेफिक्झिम ज्या गटात मोडते तो वर्ग, या दोन्हींना ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. दुकानातून सर्वाधिक मागितली जाणारी औषधे नेमकी हीच आहेत. याउलट, नायट्रोफुरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही मूत्राशयाच्या साध्या संसर्गावरची औषधे अजूनही बहुतांश नमुन्यांवर चालतात. ती चालत राहायची असतील, तर तीही वाटेल तशी घेऊन चालणार नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधांचा आणखी एक धोका आहे. स्नायूबंध आणि मज्जातंतूंना इजा होण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्येच सांगितले, की दुसरा पर्याय असेल तर मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी ही औषधे वापरू नयेत. आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत होते. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयरोगाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते. मूत्रपिंडाचा क्षय असलेल्या रुग्णाला त्याने तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते.

कायद्याने फार्मासिस्टला काय करता येते?

भारतात फार्मासिस्ट स्वतःहून प्रतिजैविक देऊ शकत नाही. प्रतिजैविके औषध नियमावलीच्या अनुसूची एच किंवा एच-१ मध्ये येतात आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. एच-१ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन तिच्यात आहेत. या यादीतील औषध विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते. ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ हीच गोष्ट ग्राहकाला सांगते. ‘लाल रेघ दिसली की चिठ्ठी हवी’, अशी मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली होती.

पण म्हणून फार्मासिस्टचे काम फक्त गोळ्या काढून देण्याचे नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य मानले आहे. औषध कसे घ्यावे, कशासोबत घेऊ नये, कोणता त्रास झाला तर थांबावे, डॉक्टरकडे कधी जावे, हे सगळे त्यात येते. सरकारी आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्यांनाही हे करता येते.

याखेरीज त्याच्याकडे अशी एक माहिती असते, जी अनेकदा डॉक्टरकडेही नसते. आजार किती वेळा परतला, हे त्याला ठाऊक असते. रुग्ण कधी गावातल्या डॉक्टरकडे, कधी मुरबाडला, कधी कल्याणला जातो. प्रत्येक डॉक्टरसाठी तो त्रास पहिलाच असतो. मेडिकल मात्र बहुधा एकच असते. ‘ताई, दिवाळीनंतर ही तिसरी वेळ ना?’ हे वाक्य काउंटरवरच्या माणसालाच म्हणता येते. वारंवार होणारा संसर्ग ओळखण्याची सुरुवात तिथून होते.

काउंटरवर कोणते प्रश्न विचारायला हवेत?

यासाठी पाच मिनिटे पुरतात. प्रश्न हलक्या आवाजात, शक्य असेल तर काउंटरच्या एका बाजूला घेऊन विचारावेत. दुकानात स्त्री फार्मासिस्ट असेल तर तिने विचारावेत. बाईऐवजी नवरा किंवा मुलगा औषध न्यायला आला असेल, तर हे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत किंवा तिच्याशी फोनवर बोलावे.

पहिला प्रश्न : गेल्या वर्षभरात असा त्रास किती वेळा झाला?
दुसरा : मागच्या वेळी कोणती गोळी, किती दिवस घेतली? जुने पाकीट आहे का?
तिसरा : ताप, थंडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या यांपैकी काही आहे का?
चौथा : दिवस गेले आहेत का, किंवा तशी शक्यता आहे का?
पाचवा : मधुमेह, मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार आहे का? रोजची औषधे कोणती?
सहावा : अंगावरून पांढरे जाते का, खाज आहे का? असेल तर हा मूत्रमार्गाचा नव्हे, योनिमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

पाचव्या प्रश्नातून अनेकदा खरे कारण हाती लागते. मधुमेहासाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे जननेंद्रियांवर बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते आणि त्याची आग लघवीची जळजळ समजली जाते. अशा वेळी प्रतिजैविक घेतले तर बुरशी आणखी वाढते. रुग्णाच्या पिशवीतील सगळी औषधे एकत्र पाहणारा फार्मासिस्ट हे पटकन ओळखू शकतो. अर्थात, मधुमेहाचे औषध स्वतःहून बंद करायचे नाही. ते डॉक्टरांना दाखवायचे.

लगेच डॉक्टरकडे कोणी जायला हवे?

ताप-थंडी आणि पाठीत दुखत असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्यात ‘उद्या बघू’ चालत नाही. गरोदर स्त्री, लहान मूल, कोणत्याही वयाचा पुरुष, लघवीतून रक्त जाणारी व्यक्ती आणि लघवी पूर्ण अडलेली व्यक्ती यांनी थेट आरोग्य केंद्र गाठावे. गरोदरपणात तर लक्षणे नसतानाही लघवीतील जंतूंवर उपचार करावे लागतात. कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा आणि मुदतीआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो.

खर्चाची भीती हे दवाखाना टाळण्याचे मोठे कारण असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डॉक्टरपर्यंत पोहोचणे अवघड असेल, तर ई-संजीवनी या सरकारी सेवेतून व्हिडीओद्वारे सल्ला घेता येतो. ही माहिती सांगायलाही मेडिकलचा काउंटर ही चांगली जागा आहे.

लघवीची कल्चर तपासणी का हवी?

साध्या तपासणीतून संसर्ग आहे की नाही याचा अंदाज येतो. कल्चरमधून दोन गोष्टी कळतात : जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल. पहिल्या साध्या संसर्गात तरुण, निरोगी स्त्रीला कल्चरची गरज प्रत्येक वेळी नसते. वारंवार त्रास होणाऱ्यांना मात्र ती हवीच.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे प्रतिजैविकाची पहिली गोळी घेतल्यावर नमुना देणे. त्यामुळे जंतू असूनही अहवालात दिसत नाहीत. दुसरी म्हणजे नमुना घरून बाटलीत भरून एसटीने नेणे. उन्हात दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि अहवाल चुकतो. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. ते शक्य नसेल तर निर्जंतुक डबीत घेऊन बर्फात ठेवून न्यावा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार डबीत घ्यावी. निर्जंतुक डबी मेडिकलमध्येच मिळते. ती देताना हे चार शब्द सांगितले तर तपासणीचे पैसे आणि फेरी दोन्ही वाचतात.

अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. पुन्हा पुन्हा लक्षणे असूनही आणि लघवीत पू-पेशी दिसत असूनही कल्चरमध्ये जंतू सापडत नसतील, तर मूत्रमार्गाच्या क्षयाची तपासणी करायला सांगावे. आणखी एक : लक्षणे नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून वृद्धांना किंवा मधुमेहींना गोळ्या देण्याची गरज नसते.

गोळ्यांशिवाय संसर्ग रोखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. यातला सर्वांत भक्कम पुरावा पाण्याचा आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेये घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० तरुण स्त्रियांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा झाला. म्हणजे जवळपास निम्म्याने फरक, तोही एकाही गोळीशिवाय.

दीड लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. एक सकाळी कामाला निघण्याआधी, एक दुपारपर्यंत आणि एक संध्याकाळी, असे वाटून घेता येते. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पाणी पुरेसे आहे, असे समजावे. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, कोकम सरबत, पातळ ताक यांतूनही पाणीच पोटात जाते. त्यामुळे ते घ्यायला हरकत नाही. फक्त त्यांनी जंतू मरतात, असे समजून दवाखाना लांबवू नये. मधुमेहींनी सरबतातील साखर टाळावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितलेले असते. त्यांनी विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

बाकीच्या सवयी साध्या आहेत. लघवी रोखून धरू नये. घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शरीरसंबंधांनंतर लगेच लघवी करावी. शौचानंतर पुढून मागे धुवावे. योनिमार्ग साबणाने किंवा सुगंधी वॉशने आतून धुऊ नये, कारण त्याने उपयुक्त जिवाणू मरतात. पाळीचे कापड वापरत असाल तर ते धुऊन, लपवून न ठेवता उन्हात वाळवावे. बद्धकोष्ठता आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी.

शेतावर आणि भट्टीवर आडोसा नसेल, तर यातील निम्मे सल्ले कागदावरच राहतात. आडोशाला जायला वेळ मिळणे, कामाच्या जागी पिण्याचे पाणी असणे या गोष्टी मुकादम, मालक आणि ग्रामपंचायत यांच्या हातात असतात. त्या गोळीने भरून निघत नाहीत.

क्रॅनबेरी, डी-मॅनोज, जळजळीचे सिरप यांचा उपयोग किती?

मेडिकलमध्ये सर्वाधिक खपणारे औषध म्हणजे लघवीची आम्लता कमी करणारे सिरप, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. त्याने जळजळ कमी वाटू शकते, पण जंतू मरत नाहीत. नायट्रोफुरँटॉइन आम्लयुक्त लघवीत चांगले काम करते. त्यामुळे दोन्ही एकत्र घेतली तर गोळीचा परिणाम घटू शकतो. हे दोन्ही एकाच चिठ्ठीवर दिसले, तर फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करून विचारायला हवे.

क्रॅनबेरीबाबत २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात ५० अभ्यास एकत्र तपासले गेले. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे त्यात आढळले. म्हणजे ती प्रतिबंधासाठी थोडी उपयोगी आहे, झालेल्या संसर्गावर औषध म्हणून नाही. डी-मॅनोजची गोष्ट वेगळी. ब्रिटनमधील ५९८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. आपल्याकडे ही दोन्ही एकाच महागड्या सॅशेमध्ये विकली जातात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने महिनोन्‌महिने त्यावर पैसे घालवण्याआधी पाण्याचा उपाय करून पाहावा, असे सांगणे हाही प्रामाणिक सल्लाच आहे.

पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी मात्र एक परिणामकारक उपाय आहे आणि तो फारसा माहीत नाही. योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम. १९९३ मधील एका चाचणीत हे क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, तर न वापरणाऱ्यांना ५.९ वेळा. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे लागते. पण ‘पाळी गेल्यापासून असेच चालू आहे’ असे सांगणाऱ्या मावशींना ‘डॉक्टरांना याविषयी विचारा’ एवढे तरी फार्मासिस्ट नक्की सांगू शकतो. याशिवाय कमी मात्रेतील प्रतिजैविक काही महिने रोज घेणे किंवा मेथेनामाइन हे पर्यायही असतात. २०२२ मधील ब्रिटिश चाचणीत मेथेनामाइन हे रोजच्या प्रतिजैविकाच्या तुलनेत कमी पडले नाही. अर्थात हे निर्णय डॉक्टरांचे.

नायट्रोफुरँटॉइन लिहून दिले असेल तर?

ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते. तशी घेतली की मळमळ कमी होते आणि ती अंगीही चांगली लागते. लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर घाबरून गोळी बंद करू नये. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेले ॲसिडिटीचे औषध सोबत घेऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील, तर ही गोळी टाळतात. महाराष्ट्रातील काही आदिवासी समाजांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता तुलनेने जास्त आढळते. अशा व्यक्तींना नायट्रोफुरँटॉइनमुळे रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून घरात कोणाला औषधानंतर कावीळ झाली होती का किंवा काळपट लाल लघवी झाली होती का, हे विचारून डॉक्टरांना सांगायला हवे. दम लागला किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

फार्मासिस्टनेच उपचार करावेत, असे इतर देशांत होते का?

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजना सुरू झाली. त्यात १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांना साधा मूत्रमार्गसंसर्ग झाला, तर प्रशिक्षित फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांनुसार तपासून नायट्रोफुरँटॉइनचा तीन दिवसांचा कोर्स देऊ शकतो. मात्र सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झालेल्या स्त्रीला तिथेही फार्मासिस्ट गोळी देत नाही. तिला डॉक्टरकडेच पाठवतो. गरोदर स्त्रिया आणि पुरुषांनाही तिथे हाच नियम आहे.

म्हणजे फार्मासिस्टला प्रतिजैविक देण्याचा अधिकार असलेल्या देशातही वारंवार होणाऱ्या संसर्गात त्याचे काम मोजण्याचे, समजावण्याचे आणि योग्य ठिकाणी पाठवण्याचेच आहे. ते करायला आपल्याकडे नवा कायदा लागत नाही.

सुरुवात कशी करता येईल?

दुकानात एक साधी वही पुरते. रुग्णाच्या संमतीने तारीख, लक्षणे, दिलेले औषध आणि किती दिवसांचे, एवढेच लिहायचे. तेच एका कागदावर रुग्णाच्या हातातही द्यायचे. वहीत वर्षभरात तिसरी किंवा सहा महिन्यांत दुसरी नोंद झाली, की गोळी देण्याआधी ‘कल्चर करा आणि हा कागद डॉक्टरांना दाखवा’ असे सांगायचे. नोंद गुप्त ठेवायची. गावात एका बाईची गोष्ट फुटली, तर बाकीच्या दहा जणी पुन्हा त्या दुकानात येणार नाहीत.

दुकानदाराची अडचणही खरी आहे. चिठ्ठी नाही म्हणून गोळी नाकारली, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. एकट्याने नियम पाळला तर त्याचाच धंदा बुडतो. म्हणून बाजारातील सगळ्या मेडिकलवाल्यांनी मिळून ठरवणे, आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे आणि अन्न व औषध प्रशासनाने सर्वांना सारखाच नियम लावणे, या तिन्ही गोष्टी एकत्र व्हाव्या लागतील. सगळी दुकाने एकत्र आली की बाजाराची सवय बदलायला फार दिवस लागत नाहीत, हे धसईच्या बाजाराने पैशांच्या बाबतीत २०१६ मध्ये अनुभवले आहे.

तोपर्यंत रुग्णाच्या हातात तीन गोष्टी आहेत. किती वेळा त्रास झाला ते तारखेसह लिहून ठेवावे. मागच्या गोळ्यांचे पाकीट टाकू नये. आणि काउंटरवर ‘मागच्या वेळी दिली होती तीच गोळी द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘हे पुन्हा का होतेय?’ असे विचारावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.)